कढईवरची चिठ्ठी

चिपळूणहून हायडेलबर्गला नेलेल्या तेवीस किलो सामानात एक लोखंडी कढई होती. अब्बांचा तिला विरोध होता. तेवढ्या वजनात दोन स्वेटर बसले असते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरेही होते. अम्मीने मात्र ती टॉवेलात गुंडाळली, पोटात मसाल्याच्या पुड्या भरल्या आणि बॅगेच्या तळाशी ठेवून दिली. "तिथं कुणाच्या भांड्यात काय शिजलेलं असेल, कुणाला ठाऊक. हे तुझं तुला असू दे. दुसऱ्याच्या हाताला लागू देऊ नकोस." ऑक्टोबर २०२२ची ही गोष्ट.

या कढईवर मी तिथे एक चिठ्ठी चिकटवली. त्या चिठ्ठीने माझी झोप उडवली, म्हणून हा लेख. शिकायला परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींची संख्या आता थोडी राहिलेली नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यातून कुणी आयर्लंडला, कुणी जर्मनीला असते. त्यांच्या फिया, व्हिसा, कर्ज यांच्या चर्चा घरोघर होतात. माझ्यासाठी घरच्यांनी वर्षाच्या खर्चाचे १०,३३२ युरो बँकेच्या बंद खात्यात आधी भरले, तेव्हा कुठे व्हिसा मिळाला. त्याखेरीज हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे, तिथे आमच्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना २०१७पासून दर सहामाहीला १,५०० युरो फी आहे. हे सगळे लोक विचारतात. तिथे गेल्यावर चारचौघांच्या स्वयंपाकघरात कसे वागायचे, हे कुणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

जर्मनीत वसतिगृहांचा कारभार बहुधा विद्यापीठाकडे नसतो. वसतिगृहे आणि मेस चालवायला भागाभागात 'श्टुडिअरेंडनवेर्क' नावाच्या स्वतंत्र संस्था आहेत. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या पोटाची सोय लावण्यासाठी जे मदतकार्य उभे केले, त्यातून त्या वाढल्या. त्यांची देशव्यापी संघटना १९२१ सालची. मी खोलीसाठी अर्ज केला, तेव्हा त्यात नाव, जन्मतारीख, विषय आणि कधीपासून खोली हवी, एवढेच प्रश्न होते. अर्जाच्या तारखेप्रमाणे नंबर लागला. एक दिवस पत्र आले की तुमची खोली तयार आहे, अनामत भरा.

ते पत्र मी तीन वेळा वाचले. त्याला कारण आहे.

२०१९ साली पुण्यात दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजचे हॉस्टेल सुटले आणि मी मैत्रिणीबरोबर खोली शोधायला लागले. फोनवर सगळे गोड बोलत. 'नाव काय म्हणालात?' इथपर्यंत येत आणि मग खोली कालच गेलेली असे. एका एजंटाने तर सांगूनच टाकले, "मॅडम, माझं काही नाही, सोसायटीचं आहे." आपल्यापैकी ज्यांनी शहरात घर शोधले आहे, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. पण एक बाई माझ्या लक्षात राहिल्या. वयस्कर होत्या, एकट्या होत्या. त्यांनी आत बोलावले, पाणी दिले, अभ्यासाची चौकशी केली आणि म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरात चालत नाही हो. तुमच्यावर राग नाही." त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांचा राग नव्हताच. जिना उतरताना मला राग कुणावर धरावा, तेच कळेना. शिवी देणाऱ्याला निदान उलटून शिवी देता येते.

तर हायडेलबर्ग. नॉयनहाइमर फेल्ड नावाच्या भागात माझी खोली होती. एका मजल्यावर आम्ही बाराजण, आणि बाराजणांत एक स्वयंपाकघर. दोन शेगड्या, तीन फ्रीज, प्रत्येकाला कुलपाचा एक कप्पा, भिंतीवर आठवड्याच्या सफाईची यादी. कचरा चार तऱ्हेचा, त्याचे डबेही चार. फोडणी जरा चढली की छतावरचे धुराचे यंत्र ओरडायचे आणि सगळा मजला दारात येऊन माझ्याकडे बघायचा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, हा नियम भिंतीवर छापलेला होता आणि तो सगळे खरोखर पाळत. घर घेतल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि 'ही व्यक्ती माझ्याकडे राहते' असे घर देणाऱ्याच्या सहीचे पत्र सोबत जोडावे लागते. राहण्याचा परवाना वगैरे पुढचे सगळे त्या कागदाला टांगलेले. सहीचे ते पत्र हातात आले, तेव्हा पुण्यातल्या त्या जिन्याची आठवण झाली.

दुसऱ्याच आठवड्यात मी कढईच्या कानाला चिठ्ठी लावली. इंग्रजीत आणि मोडक्या जर्मनमध्ये: 'कृपया ही वापरू नये.' खाली, कुणाला वाईट वाटू नये म्हणून, एक हसरा चेहरा काढला. कारण लिहिले नाही. कारण लिहायला लाज वाटली. तिथल्या बाजारात खिमा बहुधा डुक्कर आणि गाय असा मिसळूनच मिळतो, फ्रीजच्या प्रत्येक कप्प्यात हॅमचे पाकीट असते. त्यात आपण नवे आणि नवख्याने पहिल्याच आठवड्यात धर्म कशाला काढावा, असा विचार केला.

नोव्हेंबरात एका सकाळी कढई ओट्यावर उपडी दिसली. घासलेली, पुसलेली. आतून डुकराच्या चरबीचा वास येत होता. शेजारच्या खोलीतल्या बव्हेरियाच्या मुलाकडे रात्री मित्र आले होते. मी त्याच्या दारावर थाप मारली, तेव्हा रागाने माझे हात थरथरत होते. तो बिचारा गोंधळून गेला. "चिठ्ठी वाचली होती," तो म्हणाला, "पण मला वाटलं, भांडी तशीच टाकून जाणाऱ्यांसाठी आहे. म्हणून मी नीट धुऊन ठेवली." कारण कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. नवी कढई आणून देतो म्हणाला. मी नको म्हटले.

रात्री घरी फोन केला. अम्मीच्या मते ती आता टाकूनच द्यायला हवी होती. पण फोन दादीने घेतला. चार बुके न शिकलेली माझी दादी हदीसमधली गोष्ट सांगू लागली. अबू सालबा नावाच्या सहाबींनी रसुलल्लाहना विचारले होते की आम्ही दुसऱ्या धर्माच्या लोकांत राहतो, त्यांच्या भांड्यात खाल्ले तर चालेल का? उत्तराचा आशय असा की दुसरी भांडी मिळत असतील तर ती घ्या, नसतील तर धुऊन घ्या आणि खा. "तेव्हाही लोक असेच एका गावात राहायचे," दादी म्हणाली. "धू, चांगली तापव आणि वापर. लोखंड आहे ते, रुसत नाही." मसला तिथेच मिटला. भांड्याच्या पाकीबद्दल माझ्या मनात त्यानंतर शंका राहिली नाही.

शंका राहिली ती चिठ्ठीबद्दल. 'आमच्या स्वयंपाकघरात चालत नाही हो, तुमच्यावर राग नाही' आणि 'कृपया ही वापरू नये', खाली हसरा चेहरा. या दोन वाक्यांत फरक काय? पुण्यातल्या बाईंचे वागणे मला अन्याय वाटत होते आणि माझे वागणे हक्क. दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदत होत्या, इतके दिवस मला त्याचा पत्ताही नव्हता.

माझ्या बाजूने पहिले उत्तर मी लगेच शोधले. आपण शोधतोच. मी म्हटले, माझे बंधन माझ्या तोंडावर आहे, त्यांचे बंधन माझ्या तोंडावर होते. मी बव्हेरियाच्या मुलाला 'डुक्कर खाऊ नकोस' म्हणत नाही, 'माझ्या कढईत नको' एवढेच म्हणते. मोहनदास गांधी १८८८ साली लंडनला शिकायला गेले, ते आईला मांस आणि दारूला न शिवण्याचे वचन देऊन. त्या वचनापायी ते परक्या घरांत अर्धपोटी राहिले, गावभर हिंडून शाकाहारी खाणावळ शोधत राहिले. पण ज्यांच्या घरी उतरले, त्यांनी मांस शिजवू नये असे त्यांनी म्हटले नाही. वचन त्यांचे होते, त्याची किंमतही त्यांनीच मोजली. हा मला चांगला दाखला वाटला आणि मी जरा स्वस्थ झाले.

ते स्वास्थ्य डिसेंबरात गेले. आमच्या मजल्यावर सांगलीकडची एक जैन मुलगी होती. तिच्याशी मराठीत बोलता येई, हे त्या थंडीत मोठेच सुख होते. एक दिवस भाजी चिरता चिरता तिने विचारले, "तू मटण करणार असशील त्या दिवशी मला आधी सांगशील का?"

माझ्या अंगाची आग झाली. "म्हणजे इथंही मी परवानगी घ्यायची?"

"नाही गं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी लवकर जेवून खोलीत जाईन. वासानं मला उलटी येते, आणि तुझ्यासमोर नाक मुरडलेलं बरं दिसत नाही."

मी ओशाळले. ती मला उठ म्हणत नव्हती, स्वतः उठून जाणार होती. पुढे ओळख वाढल्यावर तिने सांगितले की पुण्यात तिलाही खोली शोधावी लागली होती आणि ती दुसऱ्याच फोनला मिळाली. 'फक्त शाकाहारी' या पाटीमागे कोण बाहेर राहते, हे तिच्या कधी मनातच आले नव्हते. हे तिने कबूल केले, यासाठी मी तिला मानते. आम्ही ठरवून घेतले. मटण शनिवारी, खिडकी उघडी आणि तिचा तवा माझ्या शेगडीपासून लांब. तिच्या तव्यावरही चिठ्ठी होतीच.

म्हणजे आपापल्या तोंडापुरते बंधन असले की भागले? जानेवारीपर्यंत मला तसेच वाटत होते. जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री उशिरा कॅमेरूनची एक मुलगी मजल्यावर राहायला आली. सोबत एक बॅग. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, पाववाला आणि स्टेशनवरची एखाद-दुसरी टपरी सोडली तर काही मिळत नाही. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर ती चहाच्या सामायिक किटलीत अंडी उकडत होती. सगळी फळी भांड्यांनी भरलेली होती. प्रत्येक भांड्यावर नाव नाहीतर चिठ्ठी. कुणाचे नॉनस्टिक होते, ओरखडे पडू नयेत म्हणून. कुणाचे आजीने दिलेले. तवा जैन, कढई मुसलमान. बारा माणसे, आणि एकाच्याही मनात वाईट नाही. सोमवारी किटलीवरही चिठ्ठी लागली, 'हिच्यात अंडी उकडू नयेत.'

त्या फळीसमोर मी बराच वेळ उभी होते. माझी चिठ्ठी तिच्यासाठी नव्हतीच. पण बारा निरपराध चिठ्ठ्यांनी मिळून तिला जे सांगितले, ते पुण्याने मला सांगितलेलेच होते. पुण्यातही कुणी एकाने मला शहराबाहेर काढले नव्हते. प्रत्येकाचा एकच फ्लॅट होता, एकेकाची एकेक अडचण होती. त्या वयस्कर बाईंना आपल्या चुलीपुरते ठरवण्याचा अधिकार नव्हता, असे आजही मला म्हणवत नाही. पण त्यांच्यासारख्या शंभर घरांची बेरीज होते तेव्हा मुलगी रस्त्यावर राहते आणि त्या बेरजेची जबाबदारी घ्यायला कुणीच नसते. मला वाटते, आपल्या सगळ्या तंट्यातली खरी गाठ इथे आहे. आपण हेतू तपासतो. 'राग होता का? द्वेष होता का?' हेतू स्वच्छ निघाला की सुटलो. समोरच्याच्या हाती शेवटी काय उरले, हे आपण मोजतच नाही.

कायद्यालाही ही गाठ सोडवता आलेली नाही. जर्मनीत समान वागणुकीचा कायदा २००६ साली आला. वंशाच्या कारणावरून घर नाकारण्याला त्याने बंदी केली, पण घरमालक भाडेकरूबरोबर त्याच आवारात राहत असेल तर सूट ठेवली. पन्नासाहून जास्त घरे भाड्याने न देणाऱ्यालाही धर्माच्या बाबतीत सहसा मोकळीक आहे. म्हणजे ज्याच्याशी चूल आणि अंगण वाटायचे, तो निवडण्याची मोकळीक आणि धंदा करणाऱ्याला बंधन, अशी ती वाटणी. आपल्याकडे २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सभासद फक्त पारशी असावेत असा संस्थेचा नियम वैध आहे, आपल्या लोकांची संघटना करण्याचे स्वातंत्र्य घटनेनेच दिले आहे. लहान समाजाला आपले घरटे राखू द्यावे, हे मला पटते. पण तोच नियम मोठा समाज उचलतो तेव्हा शहरच घरटे होते आणि बाकीचे आकाशात.

आणि पारशी म्हटले की मला दुसरीच गोष्ट आठवते. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांच्या खोलीचे सोबती होते नवल भथेना नावाचे पारशी गृहस्थ. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. परदेशातल्या त्या काही वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली होती, असे आंबेडकरांनी पुढे लिहिले आहे. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्याला आले, तर राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन उतरले. दहा-अकरा दिवसांनी पारशांचा एक घोळका काठ्या घेऊन दाराशी आला. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनी अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीला अवकाश होता, तेवढे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. एकाच समाजातला माणूस न्यूयॉर्कला खोलीचा सोबती आणि बडोद्याला काठी घेतलेला. फरक माणसांत किती होता आणि जागेत किती? वसतिगृहात खोली कुणी 'देत' नाही, ती वाटून येते. ज्याच्या हाती देणे नसते, त्याला नाकारण्याचे पापही करता येत नाही. मग शेजारी म्हणून राहता राहता माणसे एकमेकांची होतात.

यावरून जर्मनीचे गुणगान करावे, असे मात्र नाही. वसतिगृहाच्या बाहेर तिथलाही घरबाजार आपल्यासारखाच आहे. २०१७ साली तिथल्या पत्रकारांनी दहा शहरांतल्या घरमालकांना खोट्या नावांनी सुमारे वीस हजार अर्ज पाठवले होते. मजकूर तोच, नावे वेगवेगळी. अरबी आणि तुर्की नावांना उत्तरे लक्षात येण्याइतकी कमी आली. या पाहणीला त्यांनी नावच दिले, 'हाना आणि इस्माइल.' वसतिगृहातली मुदत संपताना मीही चार-पाच घरांत मुलाखती दिल्या, आणि 'नाव कसं उच्चारायचं?' या प्रश्नापुढे गाडी जात नाही, हा अनुभव मला नवा नव्हता. त्याच शहराच्या फुटपाथमध्ये पितळेचे छोटे चौकोन बसवलेले आहेत. 'इथे राहत होते' एवढ्या शब्दांनी ते सुरू होतात आणि खाली ज्यू रहिवाशाचे नाव. कितीतरी चौकोनांवर १९४० साल आणि गुर्स हे छावणीचे नाव आहे. २२ ऑक्टोबर १९४० रोजी त्या सगळ्या प्रांतातल्या ज्यूंना तास-दोन तासांत घराबाहेर काढून तिकडे नेले गेले. शेजारी खिडकीतून बघत असतील. त्यांचाही 'राग नसेल.'

नदीच्या काठाने फिरायला गेले की इक्बालांच्या नावाचा घाट लागतो. १९०७ साली ते जर्मन शिकायला इथे येऊन राहिले होते. ज्या घरात त्यांचे बिऱ्हाड होते, त्यावर पाटी आहे. त्याच उन्हाळ्यात आतिया फैजी तिथे येऊन गेल्या. त्या आधी शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनला राहिल्या होत्या आणि त्या दिवसांची रोजनिशी त्यांनी 'जमाना-ए-तहसील' या नावाने १९२१ साली छापली. त्यांची बहीण नाझली ही आपल्या जंजिऱ्याची बेगम. म्हणजे आमच्या कोकणाचा त्या वाटेशी शंभर वर्षांहून जुना संबंध आहे. त्या घाटावर बसून मला उगाच वाटे, यांच्या भांड्यांचे काय होत असेल?

मार्चमध्ये रमजान आला. २०२३चे रोजे २३ मार्चला सुरू झाले. सेहरी पहाटेच आटपायची, म्हणजे शांततेच्या वेळेत. पहिल्या दोन दिवशी मी पोळ्या केल्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतल्या मुलीने शांतपणे सांगितले की तिची झोप मोडते, तिची परीक्षा आहे. माझ्या मनात आधी आले ते हेच, की ही माझी इबादत आहे, हिला काय कळणार! मग लक्षात आले, शेजाऱ्याची झोप मोडून केलेली इबादत कुठल्या तोंडाने कबूल करून घ्यायची? सूरह निसामध्ये शेजाऱ्याशी भले वागायला सांगितले आहे, त्यात नात्यातला शेजारी आहे, परका शेजारीही आहे, आणि तिसरा आहे बाजूला असलेला सोबती. भाष्यकारांनी या तिसऱ्याचे अर्थ बरेच लावलेत, कुणी प्रवासातला सोबती म्हटले, कुणी जोडीदार. मला तो भिंतीपलीकडे झोपलेली ती मुलगी वाटली. उरलेली सेहरी मी खोलीतच केली. खजूर, दही, भिजवलेले पोहे. थंड होती आणि कंटाळवाणी होती, हेही सांगायला हवे.

याच महिन्यात मी कढईवरची चिठ्ठी काढली. कढई उचलून खोलीत नेली आणि जुन्या बाजारातून दोन युरोला एक पातेले आणून फळीवर ठेवले, बिनचिठ्ठीचे. त्यात कुणी काय शिजवले, मी पाहिले नाही. हा काही मोठा तोडगा नव्हे. कॅमेरूनच्या मुलीने तोवर स्वतःची भांडी घेतली होती आणि त्यांवर नाव घातले होते.

शिक्षण आटोपून मी २०२५ साली परत आले. इथे आमच्या घराची माडी आहे, वर एक खोली, वेगळा जिना. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, तेव्हा त्या खोलीत अब्बांनी आळीतली चौदा माणसे घेतली होती. त्यात खालच्या दुकानातले मारवाडी कुटुंब होते, बौद्धवाडीतली दोन म्हातारी माणसे होती. हीच कढई वर होती, तिच्यात दोन दिवस खिचडी शिजली आणि मारवाड्यांच्या सुनेनेही ती खाल्ली. कुणी काही विचारले नाही. पाणी ओसरले आणि जो तो आपापल्या चुलीवर गेला.

आता ती खोली भाड्याने द्यायची आहे. मागच्या महिन्यात परभणीकडचा एक तरुण विचारायला आला. बँकेत लागलेला, सभ्य. अब्बांनी नाव विचारले, पाणी दिले आणि म्हणाले, "कळवतो." तो गेल्यावर मला म्हणाले, "आपल्यातलाच कुणीतरी बघू."

मी चिडले. पुण्याची सगळी हकिकत त्यांना पुन्हा ऐकवली. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुला पुण्यात कुणी दिली नाही ना? मग आपल्या पोरांना आपणच नाही दिली तर कोण देणार? त्याला गावात दहा घरं मिळतील. आपल्याला मिळतील का?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. त्या तरुणाला खरोखरच दहा घरे मिळतील, आणि समोरच्याच्या हाती काय उरते ते मोजावे, हे तर मीच म्हणत आले आहे. त्या मापाने अब्बा बरोबर ठरतात. पण दार लावतानाचा त्यांचा आवाज अगदी त्या पुण्याच्या बाईंसारखा होता. तसाच मऊ. आणि त्या तरुणाच्या पाठीकडे पाहताना मला तो जिना ओळखीचा वाटला. दादी मध्येच म्हणाली, "पुराच्या वेळी ही अक्कल कुठं होती रे तुझी?" अब्बा म्हणाले, "तेव्हा पाणी होतं."

खोली अजून रिकामी आहे. परभणीच्या तरुणाचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून मी फ्रीजवर लावला आहे. अब्बा रोज तिथून पाण्याची बाटली काढतात. चिठ्ठी त्यांनी काढून टाकलेली नाही, फोनही केलेला नाही.